लाकडी पाय

माझा धाकटा भाऊ सयाजी लढाईवर गेला तेव्हा त्याची बनू पाळण्यात होती. परत आला तेव्हा ती सहा वर्षांची झाली होती. आई तिची मधल्या काळात तापानं गेली, म्हणून पाटणजवळच्या आमच्या गावी ती माझ्याजवळ वाढली. बापाचा एक पाय इटलीत राहिला. पुण्याच्या इस्पितळात त्याला लाकडी पाय करून दिला होता, पट्ट्यांनी मांडीला आवळायचा. तो वाजला की बनू माझ्या पदराआड जाई.

"सवय हुईल तिला," सयाजी म्हणायचा.

पेन्शनीच्या कामाला साताऱ्याला गेला, तो येताना तिच्यासाठी चित्रांचं पुस्तक घेऊन आला. अक्षरओळख नाही त्याला. वर मोर दिसला, घेतलं. पण बनू त्या मोरावर इतकी खूष झाली की पहिल्यांदाच त्याच्या शेजारी येऊन बसली.

चौथी शिकलेली मीच, म्हणून मी वाचायला घेतलं. मोराची गोष्ट संपली आणि पुढच्या गोष्टीत निघाला एक लंगडा. तांबडे डोळे, लाकडी पाय, पाठीवर पोतं. पोरं धरून नेणारा. पापामुळं पाय गेला, असंही खाली छापलेलं. तेवढं वाचून गेल्यावर मी थांबले, पण चित्र काय कुणाच्या वाचण्याची वाट बघतं? बनूनं चित्र बघितलं, बापाचा पाय बघितला, आणि उठून धान्याच्या कणगीमागं जाऊन बसली.

माझं डोकंच फिरलं. "चुलीत घालते हे!"

"पुस्तक हाय ते, आक्का. जाळू नगंस. पोरीला मोर आवडलाय." मग हळूच म्हणाला, "त्यानं काय पाप केलं हुतं गं?"

"त्यानं न्हाई, छापणाऱ्यानं केलंय."

त्या चित्रकारानं लंगडा बाप कधी बघितलाच नसेल. बघायचं कशाला? तांबडा रंग हाताशी असला की भागलं त्याचं. इकडं माझा भाऊ स्वतःच्या घरात चोरासारखा हळू चालायला लागला, पाय वाजू नये म्हणून.

दसरा आला. पाटीवर सरस्वती काढली, झेंडू वाहिला. बनूनं तेच पुस्तक पाटीशेजारी ठेवलं, मोर वर करून. सयाजी पाया पडायला पुढं झाला. लाकडी पाय वाकेना, तो पायच घसरून थेट पुस्तकावर पडला.

"आबा, पाय लागला पुस्तकाला!" बनू दारातून ओरडली. "पाया पडा आदी!"

सयाजी भिंतीला धरून उभा होता. "लाकूड हाय ते, बनू. लाकडाचा दोष लागत न्हाई."

ती जवळ आली. शाळेत असलं काही सांगितलेलं नव्हतं, तेव्हा तिला स्वतःच ठरवायचं होतं.

"तुमी त्येच्यावर चालता न्हवं?"

"व्हय."

"मग पायच हाय की."

तिनं पुस्तक उचललं, पदर नव्हता म्हणून परकराला पुसलं, आणि टाचा उंचावून त्याच्या कपाळाला लावायला गेली. हात पुरेना, तेव्हा तोच खाली वाकला.

संध्याकाळी आपट्याचं सोनं देऊन ती सगळ्यांच्या पाया पडली. बापापुढं वाकली तेव्हा एक हात तिनं खऱ्या पायावर ठेवला आणि दुसरा लाकडावर. सयाजीनं तोंड भिंतीकडं फिरवलं. मी कशाला फिरवू? मी सगळ्यांदेखत रडले.