काचेआडची जाळी

मी एक जुनी जाळी आहे. मासे पकडायची नव्हे, मित्रांनो, कणांचा माग काढायची. वहीच्या पानाहून पातळ प्लास्टिक, दोन्ही बाजूंना तांबे आणि केसाहून बारीक लाखो छिद्रे, एवढाच माझा देह.

विश्वचषकाच्या तयारीच्या वर्षांत दोह्यातल्या एका प्रयोगशाळेत माझी जुळणी झाली. तेव्हा शास्त्रज्ञ प्रोटॉन केवढा यावरून भांडत होते. इलेक्ट्रॉनने मोजला तर तो मोठा भरे, इलेक्ट्रॉनच्या जड भावाने, म्यूऑनने, मोजला तर लहान. वाद मिटवायला युरोपात म्यूऑनांचा झोत हायड्रोजनवर सोडायचा होता. पण झोतातले कण सरळ रांगेत येत नाहीत. आदळण्याआधी प्रत्येक जण कुठून आला हे टिपले नाही, तर तो किती वळला हे कसे कळणार? ते टिपणे माझे काम. माझा स्वभावच बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर असा.

मला ताणून चौकटीत बसवले ते वसईच्या मर्लिनने. माझ्यावर वाकताना ती श्वास रोखून धरी. नवरा वारल्यापासून मुलगी अँजेलीन तिच्याच व्हिसावर होती आणि मार्चमध्ये अँजेलीनची तिथल्याच भारतीय शाळेत दहावीची परीक्षा होती. आकाशातून येणारा पहिला म्यूऑन मी टिपला, तेव्हा मर्लिनच्या डोळ्यांत पाणी आले. प्रमुख गिरीश सरांनी मात्र स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

फेब्रुवारीत सर पाहुणे घेऊन आले. लुसैलच्या स्टेडियमचे बांधकाम पाहून ते थेट आले होते, बुटांवर धूळ तशीच. मर्लिन मला उघडून माझ्या चौकटीला पुन्हा गोंद लावत होती. जाळी उघडी आहे, आत येऊ नका, असे तिने विनवले. दोनच मिनिटे, म्हणत सरांनी दार उघडले. फोटो निघाले. धुळीचा एक कण माझ्या छिद्रात बसला. दुसऱ्या दिवशी वीज सोडताच मी जळाले.

मर्लिनने सरांच्या टेबलावर अँजेलीनच्या हॉल तिकिटाची झेरॉक्स ठेवली.

"सर, दार मी नाही उघडलं."

"मला माहीत आहे," सर अगदी मायेने म्हणाले. "पण रिपोर्टमध्ये पाहुण्यांचं नाव घालू का? कुणाचं तरी लिहावं लागतंच, मर्लिन."

"परीक्षा होईपर्यंत थांबा. मग मीच राजीनामा देते."

"रिपोर्ट आजच जातोय. विषय खलास."

चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण तुम्ही परीक्षेत लिहिता. मी ती पाहिली. नोकरीबरोबर दोघींचा व्हिसाही गेला आणि परीक्षेच्या आठ दिवस आधी मायलेकी वसईला परतल्या.

आता मी सरांच्या केबिनमध्ये भिंतीवर असते. खाली पितळी पट्टीवर त्यांचे नाव आहे. नवी मुलगी आसावरी रुजू झाली, तेव्हा सर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले की आधीच्या बाईने हलगर्जीपणा केला, तू काळजी घे. तिने मान डोलावली.

मित्रांनो, वस्तूंची काळजी घ्या, असे सांगून मी रजा घ्यायला हवी. पण माझी काळजी इथे फार घेतात. काच रोज पुसतात, धुळीचा कण टिकत नाही. माणसाची घ्या, एवढेच मागते. फ्रेम करताना मी सैल बसत होते, म्हणून सरांनी टेबलावरचा एक कागद घडी करून माझ्या पाठीशी सरकवला. त्यावर अँजेलीनचा फोटो आहे.