ओव्हर म्हणजे ओवाळा

मारोतीच्या देवळापुढे पाय ठेवायला जागा नव्हती. अमडापूरकडून भरलेल्या जीपा आल्या होत्या, धाडहून पोरं मोटारसायकलवर तिघं-तिघं बसून आली होती. पण हात जोडून सगळे बघत होते ते शेंदरी मूर्तीकडे नाही, कळसाला बांधलेल्या भोंग्याकडे. आमच्या गावचा मारोती बोलायला लागला होता आणि तो भोंग्यातून बोलायचा. माइक कपाटात कुलूपबंद, किल्ली भगत जानरावच्या कमरेला. तरी संध्याकाळची आरती आटोपली की भोंगा खरखरायचा, खाकरायचा आणि मग त्यातून एक घोगरा पुरुषी आवाज उमटायचा. बोलता बोलता तो मध्येच थांबायचा, जणू पलीकडच्या कोणाचं तरी ऐकतोय.

"रामराया बोलून राह्यले, मारोती ऐकून राह्यला," जानराव डोळे मिटून सांगायचा. "आपल्याले रामाचं ऐकू येत नाही. तेवढं पुण्य नाही आपलं."

हे सगळं मी ऐकीव सांगतोय. कारण मी देवळात गेलो की मारोती तोंडच उघडत नसे.

मी भालचंद्र, गावच्या शाळेत विज्ञान शिकवतो. त्याशिवाय जिल्हाभर चमत्कारांचा भांडाफोड करत हिंडतो. लिंबातून रक्त काढून दाखवतो, जिभेवर कापूर पेटवतो आणि शेवटी टाळ्या घेतो. अशा माणसाच्या स्वतःच्या गावात, घराच्या पाठीमागच्या देवळात चमत्कार व्हावा, हे मला फारच लागलं. मी लागोपाठ काही संध्याकाळी देवळात ठाण मांडलं. ओट्याखाली वाकून पाहिलं, पाराभोवती फिरलो, भोंग्याची तार हातात धरून शेवटपर्यंत गेलो. भोंगा मुका.

"पाहा!" जानराव भर गर्दीत ओरडला. "या मास्तरची सावली पडली का मारोती मौनात जाते. नास्तिकासमोर कायले बोलीन तो?"

लोकांनी माझ्याकडे रागाने पाहिलं. दुःखाची गोष्ट अशी की जानरावचं हे निरीक्षण शंभर टक्के बरोबर होतं. इतकं चोख निरीक्षण माझ्या एकाही विद्यार्थ्याच्या प्रयोगात मी पाहिलेलं नाही.

मारोतीच्या मागण्या माझ्यापर्यंत पोचायच्या त्या जानरावने अर्थ लावलेल्या. मारोती म्हणतो 'ओवाळा', म्हणून बायका बोलणं संपता संपता आरत्या ओवाळत. मारोती गणवेश मागतो, म्हणून माझ्याच शाळेतल्या पोरांना नवे गणवेश मिळाले. मारोतीला कमी साखरेचा चहा लागतो, म्हणून नैवेद्यात पितळी पेला आला. "ब्रह्मचारी देवाला मधुमेह कधी झाला?" असं म्हणून मी शिक्षकांच्या खोलीत खूप हसवलं होतं.

हसवून घरी आलो की मी माझ्या रेडिओपुढे बसायचो. हौशी रेडिओ हा माझा छंद. सरकारी परवाना घ्यायचा, यंत्र जमवायचं आणि दूरच्या हौशी मंडळींशी हवेतून गप्पा मारायच्या. हल्ली यासाठी तयार डबे मिळतात. पण मला ते चालत नाही. मलकापूरच्या गोकुळ या हौशी दोस्ताने भंगारातून एक जुना ट्रान्समिटर शोधून दिला होता. त्यात उंदरांनी संसार थाटला होता. त्यांना बेदखल करून, तारा बदलून, चटके खाऊन मी तो जिवंत केला. काचेचे व्हॉल्व्ह हळूहळू नारिंगी उजळायला लागले तेव्हा मला रडू आलं. बायको सुहासिनी म्हणाली, "आपल्या लग्नात एवढे भावुक झाला नव्हतात." मग मी गच्चीवरून देवळाच्या कडुनिंबापर्यंत अँटेनाची तार ओढली आणि रोज संध्याकाळी गोकुळशी बोलू लागलो. बोलण्यात अर्धा वेळ मारोतीची टिंगल असायची.

एका रविवारी सकाळी गावातल्या किसनरावांचा मुलगा राजकुमार घरी आला. चेहरा उतरलेला.

"सर, वंदनाचं तर तुमाले माहीतच हाय," तो म्हणाला.

वंदना त्याची बायको. लहानपणीच्या तापाने तिच्या हृदयाचा एक व्हॉल्व्ह आवळला होता. इकडे त्याला 'वाल' म्हणतात. अलीकडे तिला चार पायऱ्या चढल्या तरी दम लागायचा. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी वाल बदलायला सांगितलं होतं आणि ऑपरेशनची तारीखही मिळाली होती.

"बाबानं तारीख कॅन्सल करून टाकली," राजकुमार म्हणाला. "काल मारोतीले कौल लावला, वाल बदलू का नको. अन् मारोतीनं साफ सांगतलं, नको. आजपर्यंत देवाचं बोलणं असं समजलं नव्हतं, इतकं चोख बोलला. म्या मोबाईलवर घेतलं. तुमी ऐका अन् बाबाले समजावा. डॉक्टर म्हणते उशीर केला तर वंदना हातची जाईन, सर."

त्याने मोबाईल लावला. खरखर, खाकरणं, आणि मग: "व्हॉल्व्ह बदलू नकोस. उगाच उघडाउघड करू नकोस, असलेलं बिघडवशील. जुना पक्का माल आहे, अजून वीस वर्षं बघायला नको. काय म्हणतो मी? अगं, चहा टाक, साखर कमी. ओव्हर."

पाठोपाठ घंटा आणि बायकांचा गलका.

मी चष्मा कपाळावर चढवला आणि मुद्रा गंभीर केली. "हा कोणी बाहेरचा माणूस आहे, राजकुमार. भाषा वऱ्हाडी नाही. शिकलेला दिसतो, पण सूर भलताच शहाणपणाचा आहे. ऐक तू, आपल्याला सगळं कळतं अशी घमेंड आहे त्यात. जानरावने याला कुठेतरी लपवून..."

"घमेंड आहे खरी," सुहासिनी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "अहो, ते तुम्ही आहात."

मी नाही म्हणालो. राजकुमारने पुन्हा लावलं. दुसऱ्यांदाही मी नाही म्हणालो, पण आवाज जरा खाली आणून. तिसऱ्यांदा 'काय म्हणतो मी' हे माझंच पालुपद ऐकलं आणि खुर्चीत बसलो. काल संध्याकाळी गोकुळ त्याच्या जुन्या रेडिओचा व्हॉल्व्ह बदलायला निघाला होता. मी त्याला झापलं होतं. बोलणं संपलं की आम्ही 'ओव्हर' म्हणतो, म्हणजे आता तू बोल. जानरावला त्यात 'ओवाळा' सापडलं. आमची ओळख सांगताना देशाचं चिन्ह येतं, 'व्ही यू', म्हणजे हवेवर 'व्हिक्टर युनिफॉर्म'. त्या युनिफॉर्मचे गणवेश झाले. मधुमेह झालेला ब्रह्मचारी मीच होतो. आणि पलीकडून बोलणारे रामराया म्हणजे मलकापूरचा गोकुळ, ज्याचं सरकीचं दुकान आहे.

यंत्राची गोष्ट साधी होती. माझी अँटेना देवळाला खेटून, आणि भोंग्याची लांब तार तिच्याशेजारी. तारेने माझ्या लहरी पकडल्या. अ‍ॅम्प्लिफायर आरतीनंतरही कोणी बंद करत नसे आणि त्यातला एक गंजका सांधा त्या लहरींचा पुन्हा आवाज करत होता. हल्लीच्या पद्धतीचं यंत्र असतं तर भोंग्यातून नुसतं बदकासारखं क्वॅक-क्वॅक आलं असतं. माझी जुन्याची हौस नडली. आणि मी तपासाला देवळात गेलो की घरी रेडिओ बंद असायचा, म्हणून मारोती गप्प. घरी बोलताना माझ्या कानाला हेडफोन आणि भोंग्याचं तोंड गावाकडे, म्हणून आमच्या घरात त्याची नुसती खरखर पोचायची. अँटेना बांधली त्याच आठवड्यात देवाला वाचा फुटली, हे सातवीतल्या पोरालाही खटकलं असतं. मला खटकलं नाही, कारण मी जानरावकडे बोट दाखवण्यात गुंतलो होतो.

खरं सांगतो, पहिला विचार आला तो माझ्या अब्रूचा. तार गुपचूप उतरवली की झालं, देव आपोआप मुका होईल. सुहासिनीने चेहरा वाचला.

"आणि वंदना?" ती म्हणाली.

मला स्वतःची लाज वाटली.

अडचण एवढीच की चमत्कार दाखवायचा तर मी घरी हवा आणि समजावून सांगायचा तर देवळात. म्हणून संध्याकाळी देवळात सुहासिनी गेली, मोबाईल चालू ठेवून. मी रेडिओपुढे बसलो. हवेतून गावाला भाषण द्यायला नियम परवानगी देत नाही, म्हणून जे बोलायचं ते नेहमीसारखं गोकुळशी.

मोबाईलवर मला तिचा आवाज आला. "मंडळी, मी मारोतीला विचारते. आज आमच्या घरी भाजी कोणती होती?"

"बाई, देवाची परीक्षा पाह्यता?" जानराव कडाडला. "मास्तर कुठी हाय?"

"ते घरी आहेत. म्हणून तर देव बोलेल."

मी बटण दाबलं. "गोकुळ, आज आमच्याकडे वांग्याची भाजी होती. तिखट जास्त झालं होतं, पण मी बोललो नाही. मी भालचंद्र बोलतोय. काय म्हणतो मी? ओव्हर."

मोबाईलमधून माझाच घोगरा आवाज परत आला आणि 'ओव्हर' ऐकताच सवयीने बायकांनी घंटा वाजवून मला ओवाळलं. मग कोणीतरी फिस्सकन हसलं, आणि हसू पसरत गेलं. मी यंत्र बंद केलं, त्यातला एक व्हॉल्व्ह काढून गरम-गरम रुमालात गुंडाळला आणि देवळाकडे पळालो.

पोचेपर्यंत जानरावने सावरलं होतं. "हसता काय बे? मास्तरच्या तोंडून कोण बोलला? मारोतीच न! एवढा नास्तिक, पण त्याच्याच जिभेवर बसला देव. ह्याच्याहून मोठा चमत्कार कोणता?"

आणि माझ्या डोळ्यांदेखत हसू थांबलं. माना डोलायला लागल्या. जन्मभर भांडाफोड केलेल्या माझ्या पायांवर एका म्हातारीने डोकं ठेवलं. पाठोपाठ किसनराव पुढे आले, हात जोडून. माणूस भला, सुनेला मुलीसारखं वागवणारा.

"मंग खरंच न, मास्तर? तुमच्या तोंडून देवच बोलला. वाल बदलाचा नाही."

त्या क्षणी एक सोपी वाट होती. 'देव आता म्हणतो, बदला' एवढं म्हटलं असतं की काम झालं असतं. जीभ वळवळलीही. पण मग उद्या दुसऱ्या कोणाच्या घरी कौल लागेल, तेव्हा मी गोकुळला कोणतं बटण बदलायला सांगत असेन कोणास ठाऊक. मी रुमाल उघडला आणि व्हॉल्व्ह किसनरावांच्या तळहातावर ठेवला.

"हे काय होय?" त्यांनी विचारलं.

"वाल. मी काल ज्याच्याबद्दल बोललो, तो असाच. माझ्या दोस्ताच्या रेडिओतला."

त्यांनी तो उलटसुलट केला. "हा तं काचेचा हाय. बल्बासारखा."

"हो. बल्बाचाच भाऊबंद."

"अन् वंदनाचा?"

"त्याच्याबद्दल मी एक शब्द बोललो नाही, किसनराव. मला त्यातलं काही कळतही नाही. ज्याला कळतं त्या डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलं आहे."

वंदना देवळाच्या पायऱ्या चढून तिथवर आली होती. दम आवरायला ती खांबाला धरून उभी राहिली आणि मग सासऱ्याच्या हातातल्या काचेकडे पाहून म्हणाली, "मामाजी, हा फुटला तर मास्तर मलकापूरहून दुसरा आणतीन. दुसरी मी कोठून आणान तुमी?"

किसनरावांची मूठ मिटली. ते खाली पायरीवर बसले. "म्या याच्यासाठी तारीख कॅन्सल केली," ते म्हणाले. "या काचेसाठी." त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं आणि त्यांनी ते लपवलंही नाही. मग मुलाकडे वळून म्हणाले, "राजकुमार, फोन लाव बे डॉक्टरले. पाया पडून माग तारीख."

तारीख मिळाली. ऑपरेशन झालं. वंदना आता आमच्या घराच्या पायऱ्या न थांबता चढते आणि चहा घेताना "साखर कमी, ओव्हर" म्हणून मला सतावते.

मी भोंग्याच्या तारेला लहरी अडवणारी फेराइटची काळी कडी घातली, माझी अँटेना शाळेच्या बाजूला वळवली आणि मारोती पुन्हा पूर्वीसारखा शांत झाला. मास्तरने मंतरलेलं कडं घालून देवाला बांधलं, असं जानराव सांगतो. त्याचं कौतुक वाटतं मला. तो कधीच रिकाम्या हाताने घरी जात नाही.

वाचकहो, भोंग्यातून, स्वप्नातून, कोणाच्या अंगातून आवाज आला तर घाबरू नका आणि हातही जोडू नका. तो कोण बोलतोय, कोणाशी बोलतोय आणि त्याला त्या विषयातलं काय कळतं, एवढं विचारा. दुखणं अंगाचं असेल तर डॉक्टरकडे जा. आणि माझ्यासारखे भांडाफोड करायला निघालात, तर आधी आपल्या घरचं बटण बंद करून पाहा.