सातव्या कोठडीची हाक

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा आणि माझ्यासोबत एका खोलीची कल्पना करा. चार पावलं लांब, तीन पावलं रुंद. दाराला आतून कडीच नाही. आत कुणाला काही झालं, तर बाहेरच्यानेच धावून यायचं. अशा बारा कोठड्यांसाठी मिळून एकच असलेली मी एक जुनी घंटा आहे.

एका कारागिराने मला पितळेतून घडवलं. माझा खणखणीत आवाज ऐकून तो खूश झाला होता. मला वाटलं, शाळेत जाईन, आले तुरुंगात! पहारेकऱ्यांच्या टेबलामागच्या भिंतीवर मला बसवलं. कोठडीतलं बटण दाबलं की मी वाजायची आणि माझ्याखालच्या फळीवर त्या कोठडीच्या आकड्याचा दिवा लागायचा. कुणीतरी येऊन हाताने बंद करेपर्यंत तो जळत राही. सुरुवातीला मी वाजले की पळापळ व्हायची. छातीत कळ आलेला एक म्हातारा माझ्यामुळे वाचला, तेव्हा मला मऊ फडक्याने पुसलं होतं.

पण पुढे मी फार वाजू लागले. कुणाला पाणी हवं असे, तर कुणाला नुसती वेळ विचारायची असे. एक दिवस पहारेकऱ्यांचे प्रमुख, जमादार, वैतागले.

"माझी सासूसुद्धा इतक्यांदा हाक मारत नाही!" असं म्हणत त्यांनी घोंगडीची चिंधी माझ्या आणि मला वाजवणाऱ्या टोल्याच्या मध्ये कोंबली. "दिवा दिसतोच की. आवाज कशाला हवा?"

सगळे हसले. त्या दिवसापासून मी मुकी झाले.

सातव्या कोठडीत एक शिंपी होता. तो जेवण तसंच ठेवायचा, भिंतीकडे तोंड करून बसायचा. तुरुंगातल्या नर्सबाईंचं त्याच्याकडे लक्ष होतं.

"दादा, जगू नये असं वाटलं की लाज धरू नका. बटण दाबा."

"खरंच याल?"

"हातातलं काम टाकून येईन."

माझ्या तोंडातल्या चिंधीबद्दल त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

एका दुपारी कैद्यांची मोजणी सुरू असताना शिंप्याने बटण दाबलं. एकदा, दोनदा, कितीतरी वेळा. टोला चिंधीवर आपटत राहिला. सातचा दिवा लागला. पण मोजणीच्या वेळी टेबलाशी कुणीच नसतं. सगळे पहारेकरी पलीकडच्या टोकापासून एकेका दाराशी माणसं मोजत येत होते. सातव्या दाराशी ते पोचले, तेव्हा शिंपी उभा नव्हता. त्याने स्वतःला इजा करून घेतली होती.

नर्सबाई पिशवी घेऊन धावत आल्या. "अहो, दार उघडा!"

"बाई, किल्ली फाटकावर आहे. मोजणी जुळल्याशिवाय देत नाहीत."

"आणि हा उभा राहिल्याशिवाय मोजणी जुळणार कशी?"

एक पहारेकरी फाटकाकडे धावला. किल्ली यायला अकरा मिनिटं लागली. तोवर बाई गज धरून म्हणत होत्या, "दादा, मी आलेय. मी आलेय हो." दार उघडलं, तेव्हा सगळं संपलं होतं.

तो भेटीचा दिवस होता. शिंप्याची नऊ वर्षांची मुलगी आत्याचा हात धरून बाहेर थांबली होती. आता त्या दोघींना त्याचं सामान घ्यायला टेबलाशी आणलं. सामानाबरोबर सहीसाठी एक कागद होता. त्यावर लिहिलं होतं, 'कैद्याने मदत मागितली नाही.'

जमादार मुलीसमोर वाकून म्हणाले, "त्यांनी हाक मारली असती ना बाळ, तर आम्ही धावलो असतो गं."

मुलगी माझ्याकडे बघत होती. "आत्या, बाबांच्या पत्रावर सात आकडा असतो ना? मग तिथे सातचाच दिवा का लागलाय?"

जमादारांनी मागे वळून पाहिलं. फळीवर सातचा दिवा अजून जळत होता.

मित्रांनो, मी पडले धातूची वस्तू. तोंडातली चिंधी मला काढता येत नाही. हाका ऐकून कंटाळा येतो, हे मला कळतं. दहातल्या नऊ किरकोळच असतात. तरी दहावीसाठी उठा. ती कोणती, हे आधी कुणालाच कळत नाही.

आत्याने डोळे पुसून पेन उचललं. तेवढ्यात मुलीने सहीच्या जागेवर आपले दोन्ही तळवे पालथे ठेवले आणि ती म्हणाली, "आधी खरं लिहा."

जमादारांनी समजावलं, आत्याने समजावलं. तिने हात उचलले नाहीत.