आठ बावन्नचा फॉल्ट

गुणाजी पेडणेकरांनी टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं लाइनमन म्हणून काढली. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी मनाने ते अजून खांबावरून उतरलेले नव्हते. मिक्सर अडला की फॉल्ट, नळाला पाणी आलं नाही की फॉल्ट. एवढंच काय, मुलाचं लग्न जमायला वेळ लागत होता तेव्हाही ते शेजाऱ्यांना सांगायचे, "बघतोय, फॉल्ट कुठे आहे ते." अशा माणसाच्या स्वतःच्या घरात रोज सकाळी आठ बावन्नला फॉल्ट यावा आणि महिनाभर तो सापडू नये, म्हणजे दिव्याखाली अंधारच.

फॉल्ट होता सुनेच्या कॉम्प्युटरला. रसिका एका विमा कंपनीचं काम घरून करायची. ठाकुर्लीतला त्यांचा फ्लॅट वन बीएचके. बेडरूमच्या खिडकीखाली तिचं टेबल, त्यावर नवऱ्याचा, सूरजचा, जुना डेस्कटॉप. इंटरनेटचा राउटर मात्र बाहेर हॉलमध्ये, टीव्हीच्या वर. मध्ये वायर नाही. कॉम्प्युटरच्या पोटातलं वायफायचं कार्ड हवेतून नेट ओढून घेणार. आता 'हवेतून' या शब्दावर गुणाजींचा मुळातच विश्वास नव्हता.

रसिका आठ पन्नासला बटण दाबायची. दोन मिनिटांनी स्क्रीन उजळायचा आणि कोपऱ्यात पाटी यायची, नेटवर्क उपलब्ध नाही. ते कार्ड एकदा रुसलं की रुसलं, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय ढिम्म हलायचं नाही. मशीन जुनं, त्यात बारा मिनिटं जायची. दुसऱ्या खेपेला नेट असं हजर व्हायचं की जणू काही घडलंच नाही. पण तोवर नऊ वाजून गेलेले असायचे, आणि रसिकाच्या मॅनेजरचं घड्याळ भलतंच तिखट होतं. "घरून जमत नसेल तर रोज ऐरोलीच्या ऑफिसात या," असं त्याने दोनदा ऐकवलं होतं.

"रोज जायचं असेल तर आम्ही तिकडेच भाड्याने जागा बघू," सूरज एका सकाळी चहा घेताना म्हणाला. "शिवानीला पण तिकडच्याच शाळेत घालू."

"बरोबर आहे," गुणाजी म्हणाले. पण हातातला चहा त्यांनी तसाच खाली ठेवला. शिवानी साडेचार वर्षांची. रोज दुपारी ती आजोबांच्या पोटावर डोकं ठेवून झोपायची, आणि तेवढा वेळ गुणाजी शिंक आली तरी दाबून धरायचे. त्या दिवसापासून त्यांनी हा फॉल्ट अंगावर घेतला.

मानपाड्याच्या दुकानातून प्रीतम नावाचा मुलगा यायचा. त्याने पहिलं कार्ड बदलून दुसरं बसवलं, त्याचे दोन अँटेना घट्ट पिळले, सॉफ्टवेअर नव्याने टाकलं. पण तो यायचा दुपारी, आणि दुपारी फॉल्ट कधी हजर नसायचा. "काका, मला तर सिग्नलच्या फुल दांड्या दिसतायत," तो म्हणायचा आणि निघून जायचा.

मग गुणाजींनी आपल्या हाताने टीव्हीपासून बेडरूमपर्यंत वायर ओढली. खरं तर फॉल्ट तिथेच संपायचा. पण त्याच संध्याकाळी शिवानीची तीनचाकी वायरीत अडकली, राउटर वरून खाली आला, त्याच्यासोबत देवाचं कॅलेंडरही आलं. हात दाखवून अवलक्षण! रसिकाने वायर गुंडाळून सासऱ्यांच्या हातात दिली. "बाबा, वायर नको," एवढंच म्हणाली. ती चिडली नाही, याचंच त्यांना जास्त लागलं.

गुणाजींचा एक नियम होता. फॉल्ट आपणहून येत नाही, कोणीतरी त्याला आणतं. म्हणून त्यांनी सुनेला विचारलं, "हे सुरू झालं त्या दिवशी घरात नवीन काय आलं?"

"काहीच नाही, बाबा." रसिकाने डोकं खाजवलं. "हां, कॅमेरा. एक तारखेपासून मॅनेजरने सगळ्यांना सक्तीचा केलाय. लॉगिन करतानाच चेहरा दाखवायला लागतो."

गुणाजींचे डोळे चमकले. शनिवारी रसिकाला सुट्टी होती. त्यांनी कॅमेरा काढून ठेवायला लावला आणि आठ पन्नासला कॉम्प्युटर चालू करवला. नेट पहिल्या झटक्यात लागलं! गुणाजी घरभर असे हिंडले की बायको, कलावती, पोळी लाटता लाटता म्हणाली, "अहो, खांबावर चढला नाहीत तुम्ही, खुर्चीत बसला होतात."

"कॅमेरा करंट खातो, काका. कार्डाला पुरत नाही," प्रीतम म्हणाला आणि त्याने दुसरा, कमी खाणारा कॅमेरा आणून दिला. सोमवारी तो लावला आणि आठ बावन्नला नेट नाही. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, असं गुणाजी स्वतःलाच म्हणाले.

गुरुवारी रसिकाने शिवानीचा डबा सासूबाईंवर सोपवून साडेआठलाच कॉम्प्युटर लावला. नेट लागलं. सगळे हुश्श झाले. शिवानीची व्हॅन गेली, सूरज ऑफिसला गेला, कलावती आंघोळीला गेली. आणि आठ बावन्नला नेट गेलं. पुन्हा बारा मिनिटं, पुन्हा उशीर. मॅनेजरने फोन करून सांगितलं, "उद्याही हेच झालं, तर सोमवारपासून ऑफिस." रसिका फोन ठेवून बाथरूममध्ये गेली आणि तोंड धुऊन बाहेर आली. ती रडली होती हे गुणाजींना कळलं.

पण त्यांना आणखीही एक कळलं. साडेआठला लागलेलं नेट आठ बावन्नला गेलं, म्हणजे फॉल्ट मशीनचा नाही. फॉल्ट वेळेचा आहे. खात्यात असताना असल्या फॉल्टला ते एकच उपाय करायचे. तो ज्या वेळेला येतो, त्या वेळेला त्याच्या शेजारी जाऊन बसायचं.

शुक्रवारी साडेआठला त्यांनी हॉलमधली आपली खुर्ची उचलून बेडरूममध्ये सुनेच्या मागे मांडली, चष्मा पुसला आणि स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या दांड्यांवर नजर लावली. चारही दांड्या भरलेल्या. आठ चाळीस, चार. आठ पन्नास, चार. कॅमेऱ्याचा निळा दिवा शांतपणे जळत होता.

आंघोळ उरकून कलावती आत आली. अंगावर नुसतं परकर-पोलकं, खांद्यावर पंचा. दाराशेजारीच लोखंडी कपाट, त्यात तिच्या साड्या. नवऱ्याला तिथे बसलेलं बघून ती क्षणभर थबकली, पण त्याला लाजायचं वय केव्हाच गेलं होतं. तिने खोलीचं दार लोटून घेतलं आणि कपाटाचं एक दार उघडलं. मग दुसरं, आरशाचं, धरलं आणि पार रुंद, खोलीच्या मधोमध येईल असं उघडायला लागली.

चाराच्या तीन दांड्या झाल्या. तीनच्या दोन.

"थांब!" गुणाजी ओरडले. "हलू नकोस! आहेस तिथेच थांब!"

कलावती जागच्या जागी गोठली. तिला वाटलं, पाल आहे.

"बाबा, एकच दांडी उरलीय," रसिकाचा आवाज चिरकला.

"ते दार बंद कर. हळू. हळू." कलावतीने दार मिटलं, तशा दांड्या एकेक करून परत आल्या. गुणाजी कपाटाच्या दाराकडे बघत राहिले, मग राउटरच्या दिशेला, मग खिडकीखालच्या टेबलाकडे. हॉलमधलं नेट येणार ते खोलीच्या दारातून, आणि त्याच वाटेत हा साडेसहा फुटी पत्रा रोज सकाळी आडवा उभा राहत होता. "अगं, एवढं पार उघडतेस कशाला ते?"

"मग काय करू?" कलावती चिडली. "त्याचा दिवा लागलेला असतो ना निळा! तिकडे ऑफिसात सगळे बसलेले असतात बघत. त्यांच्यासमोर साडी नेसू? शनिवारी तो नव्हता, तेव्हा नव्हतं मी एवढं उघडलं."

रसिका हळूच म्हणाली, "आई, मी बटण दाबल्याशिवाय कोणाला काही दिसत नाही. तो दिवा नुसता असतो."

"असेल. मला काय माहीत? कोणी सांगितलं मला?" कलावतीला आता रडू यायला लागलं होतं. "तू हेडफोन लावून त्या कॅमेऱ्यासमोर बसतेस. बाहेर हे बसलेले, स्वयंपाकघराला दार नाही. कपाटाच्या आड दोन मिनिटं मिळतात तेवढी. तेवढ्यानेही तुमचं नेट जातं होय!"

"आई, नऊला चार कमी आहेत. आता खरंच बटण दाबायला लागेल."

गुणाजी उठले. त्यांनी पलंगावरची चादर ओढली, दोन्ही हात खांबावर चढल्यासारखे वर केले आणि सुनेच्या खुर्चीमागे चादर धरून उभे राहिले. "नेस," ते म्हणाले. "कापडातून नेट जातं."

चादरीमागे कलावती साडी नेसायला लागली. चादरीपुढे रसिकाने लॉगिन केलं. आठ एकोणसाठ.

"गुड मॉर्निंग रसिका," मॅनेजरचा आवाज हेडफोनबाहेरही ऐकू आला. "तुमच्या मागे ते काय आहे?"

"बॅकग्राउंड आहे सर," रसिका म्हणाली. "नवीन."

"फुलं छान आहेत. पण हलतायत."

गुणाजींचे हात भरून आले होते. तरी त्यांनी चादर खाली येऊ दिली नाही. "रोज असंच करतेस?" त्यांनी मागे न बघता कुजबुजत विचारलं.

"मग कुठे करू?"

"आणि आधी, कल्याणच्या चाळीत राहायचो तेव्हा?"

"तिथे तुम्हाला नळावर पाठवायची ना," कलावती निऱ्या करता करता म्हणाली. "पाणी आलंय का बघा, म्हणून."

बारा वर्षं गुणाजी रोज सकाळी त्या नळावर गेले होते. पाणी सातला यायचं, हे सगळ्या चाळीला माहीत होतं, तरी ही आपल्याला साडेसहाला का पाठवते, असं त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. लोकांच्या घरात शिरून त्यांनी हजारो फॉल्ट काढले होते. स्वतःच्या घरात मात्र बायकोला दार नाही, हे त्यांना आज कपाटाने सांगितलं. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

रविवारी सूरज आणि प्रीतमला हाताशी घेऊन त्यांनी रसिकाचं टेबल हॉलमध्ये आणलं, टीव्हीखाली, राउटरला चिकटून. वायर हातभर लागली, तीही भिंतीला ठोकलेली, तीनचाकीच्या वाटेबाहेर. त्यासाठी गुणाजींची खुर्ची आणि सकाळच्या बातम्या, दोन्ही बाल्कनीत गेल्या. "बाबा, तुम्हाला तिथे ऊन लागेल," रसिका म्हणाली. "लागू दे," ते म्हणाले. मग त्यांनी बेडरूमच्या दाराची गंजलेली कडी काढली, खोबरेल लावून साफ केली आणि परत बसवली.

सोमवारी आठ बावन्नला स्क्रीन उजळला. चेहरा दाखवून रसिका कामाला लागली. ऐरोलीचं नाव घरात परत निघालं नाही. कलावती आंघोळ करून बेडरूममध्ये गेली, दार लोटलं, आणि आतून कडी लागल्याचा आवाज आला.

नऊ वाजले. सव्वानऊ झाले. गुणाजींनी स्वतः चहा केला, तो निवला, पुन्हा गरम केला. साडेनऊला त्यांना काळजी वाटायला लागली, तेव्हा त्यांनी कप घेऊन दारावर हलकेच टकटक केलं.

"अगं, नेसून झाली का साडी?"

"केव्हाच," आतून कलावती म्हणाली.

"मग काय करतेयस?"

"काही नाही. बसलेय."

गुणाजींनी कप दाराशी, फरशीवर ठेवला, वर बशी झाकली आणि आवाज न करता बाल्कनीत जाऊन बसले.