दुसरे दार उघडेपर्यंत

जळाला शीतळता आणि अग्नीला मर्यादा देणाऱ्या विश्वंभरा, तुला माझे दंडवत. छताला उलटा टांगलेला असल्याने माझे दंडवतही उलटेच घडते. ते गोड मानून घे.

श्रोतेहो, मी एका घराच्या प्रवेशखोलीतला स्प्रिंकलर बोलतो आहे. आग लागताच छतातून पाणी शिंपडणारे पितळी तोंड असते ना, तोच मी. माझ्या कंठात काचेची इवलीशी कुपी आहे आणि तिच्यात लाल द्रव. खाली ज्वाळा उठल्या की द्रव फुगतो, कुपी फुटते आणि मागे कोंडलेले पाणी धाव घेते. माझी सेवा आयुष्यात एकदाच, आणि सेवा घडते त्याच क्षणी मरण. म्हणून जन्मापासून माझ्या जिवाला स्वस्थता नाही.

भट्टीत वितळलो, साच्यात घडलो, पाण्याच्या दाबाखाली पारखला गेलो आणि या घरी आलो. घर बैठे, खिडक्यांना लोखंडी जाळ्या. राहतात पुतण्या, त्याची बायको आणि चाकांच्या खुर्चीतली आत्या. दुपारी आत्या माझ्याखाली बसून नामस्मरण करते. तेवढा वेळ मला धीर असतो.

एरवी मी भीतच असतो, आणि ते उगीच नाही. पुतण्या विजेवरची स्कूटर माझ्याखालीच चार्जिंगला लावी. शेजारी चपलांचे कपाट, त्यावर रिकाम्या खोक्यांची चळत. बॅटरी तापली की तिची ऊब माझ्यापर्यंत येई. लाल द्रव किंचित हलला तरी मनात येई, आली का ती घटका? एकदा रंगारी माझ्यावरूनही ब्रश फिरवणार होता. आत्याने हटकले नसते, तर त्या लेपाखाली मी बधिर होऊन बसलो असतो आणि आग लागल्याचे मला कळलेही नसते.

पुढे पुतण्याच्या मनात सजावटीचे नवे छत आले. त्यात माझी अडचण. "पाहुणा आत आला की आधी ही तोटी दिसते," असे म्हणून त्याने फिटरला बोलावले. फिटरने पाणी बंद केले, शिडी लावली आणि विचारले, "बाहेर पडायला दुसरी वाट आहे ना? असेल तर प्रवेशखोलीतला काढता येतो. हीच एक वाट असेल तर नाही. नियम तसा आहे."

"आहे की, मागचं दार."

"मग झालं तर."

पाना माझ्या मानेला भिडला. लोखंडाचा तो गारवा अजून आठवतो. ज्याने आगीला सामोरे जायचे, त्याला त्या गारव्याने कापरे भरले.

तेवढ्यात आत्या म्हणाली, "अरे, थांब जरा. मला त्या मागच्या दारानं बाहेर ने."

"आत्ता? कशाला?"

"ऊन खायला."

"आत्या, ऊन पुढेही आहे."

"पुढचं रोज खाते. आज मागचं."

खुर्ची करकरत आत गेली. फिटर शिडीवर, पाना माझ्या गळ्यात, आणि आम्ही दोघे कान देऊन ऐकत होतो. दारापुढे वॉशिंग मशीन होते. ते सरकवण्याचा आवाज आला, मागोमाग पुतण्याच्या बायकोचा: "तूच म्हणालास ना, नळ जवळ आहे, इथेच ठेवू?" मग गंजलेल्या कडीवर हातोडी वाजली. दार कुरकुरले, हातभर उघडले आणि अडले. बाहेरून त्याला लोखंडी खाट टेकवलेली होती.

"ही खाट हरवली होती ना रे?" आत्या म्हणाली.

पुतण्याने खुर्ची पुढे ढकलून पाहिली. त्या फटीतून ती जाईना.

"याला दार म्हणतोस तू? ही कडी लावलेली भिंत आहे, बाळा." तिचा आवाज खाली आला. "मला पळता येत नाही. आग पुढच्या खोलीत लागली, तर मला कुठून नेशील?"

मग खुर्ची परतली. पुतण्या ती ढकलत होता, आणि ती थांबल्यावरही त्याने मुठी सोडल्या नाहीत. फिटरने पाना उतरवला. "आज नाही काढत. दार मोकळं झालं की फोन करा." त्याने पाणी पुन्हा सोडले.

त्याच संध्याकाळी स्कूटर अंगणातल्या शेडखाली गेली आणि खोकी भंगारात. खाट हलली, मशीनही हलले. आता सुतार चौकट रुंद करतो आहे, गवंडी उंबऱ्याला उतार देणार आहे. आत्याची खुर्ची त्या दारातून सुखरूप बाहेर पडली की मला उतरवतील. तेही नियमाला धरूनच होईल. त्या दिवसाचे मला भय वाटते, पण दार उघडणारच नाही याचे भय त्याहून मोठे आहे. म्हणून रोज हातोडीचा आवाज ऐकतो आणि मनात म्हणतो, चालू दे.

ऐकणाऱ्यांनो, तुमच्या दाराशी माझा कोणी भाऊबंद असेल आणि तो तुम्हाला नकोसा झाला असेल, तर त्याला उतरवण्याआधी घरातल्या सर्वांत अशक्त माणसाला दुसऱ्या दाराने एकदा बाहेर नेऊन आणा. मग खुशाल निर्णय घ्या.

तुमच्या घराची सर्व दारे आतल्या माणसांसाठी सदैव मोकळी राहोत. अग्नी चुलीत आणि दिव्यातच नांदो. माझ्या ओठांशी आलेले पाणी ओठांशीच थांबो. तुमच्यातला प्रत्येक जण संध्याकाळी सुखरूप घरी परतो.