कंग्राळी ते नंदगड

मालू आठ वर्षांची झाली तरी उचलली तर चार-पाच वर्षांच्या पोरीएवढीच भरायची. ओठ आणि नखं कायम जांभळट. शाळेला निघाली की मारुतीच्या देवळापर्यंत कशीबशी पोचायची, पायरीवर टेकायची, आणि बाकीची पोरं पुढं निघून जायची. बापाविना पोर, मनानं खचलीय, असं गाव म्हणायचं. तीन वर्षं ताकदीच्या औषधाच्या बाटल्या झाल्या. शेवटी बेळगावच्या एका डॉक्टरनं छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि म्हणाला, "बाई, पोरीच्या काळजाला भोक आहे. जन्मापासूनचं. ऑपरेशन मुंबईला होतं."

अक्काताईला पहिल्यांदा वाटलं, भोक आहे तर बुजवता येईल. ती भाजी विकणारी बाई. नवरा गेल्यावर दोन वर्षांच्या मालूला घेऊन कंग्राळीला भावाकडं आली होती ती तिथंच राहिली. सकाळी बेळगावच्या मार्केटात कोथिंबीर-मेथीच्या पेंड्या विकायच्या, दुपारी रानात राबायचं. भाऊ रवळू तिच्याहून सात वर्षांनी धाकटा, उद्यमबागेतल्या एका कारखान्यात लेथवर होता. मालूचं बरं झाल्याबिगर लग्न करणार नाही म्हणून बसला होता.

रवळूला पळायचा नाद होता. पलटणीत भरती व्हायला गेला तेव्हा पळण्यात पहिला आला आणि छाती इंचभर कमी भरली म्हणून परत आला. तरी जत्रेतल्या शर्यती सोडायचा नाही. तेच गुंडू मास्तरांच्या डोक्यात आलं. मास्तर गावच्या शाळेत शिकवायचे आणि तरुण मंडळाचं सगळं बघायचे.

"रवळू, नुसतं द्या म्हटलं तर लोक देत न्हाईत," ते म्हणाले. "तू मॅरेथॉन पळ. आपल्या वेशीपासनं नंदगडच्या बाजारापर्यंत बेचाळीस किलोमीटर भरतंय, मी मोटरसायकलवर मोजून आलोय. दर किलोमीटरला एकेक देणारा धरू."

"दहाच्या वर कवा पळालो न्हाय, मास्तर."

"म्हणून तर चार महिने हातात ठेवलेत."

त्र्याऐंशीच्या फेब्रुवारीतला शेवटचा रविवार ठरला.

दिवाळीपासून रवळूनं सुरुवात केली. तांबडं फुटायच्या आत कंग्राळीहून उचगावला पळत जायचं, पळत यायचं, आंबील पिऊन सायकलवर उद्यमबाग गाठायची. रविवारी खानापूरच्या रस्त्यानं लांब जायचा. पायात कॅनव्हासचे बूट, त्यांचे तळ महिन्या-महिन्याला फाटायचे. डाव्या पायाचं नख काळं पडलं आणि गळून गेलं. गालफडं बसली. अक्काताई त्याच्या ताटात भाकरी वाढायची, शेंगांचा लाडू ठेवायची, आणि बघत राहायची. एकीला जगवायला आपण दुसऱ्याला झिजवतोय, असं तिला वाटायचं. पण थांब म्हणायला जीभ उचलायची नाही.

मालूला मात्र या सगळ्याची गंमत होती. मामा परत आला की विचारायची, "मामा, किती झालं?"

"वीस."

"म्हंजे अजून बावीस ऱ्हायलं."

"व्हय गं माझ्या मास्तरणी."

संक्रांतीपर्यंत चाळीस किलोमीटरना देणारे मिळाले होते आणि पैसे मास्तरांकडं जमा होत होते. मार्केटातले अडते, उद्यमबागेतले कामगार, गावातल्या बायकांची भिशी. मास्तर हरखून गेले होते.

शर्यतीला बारा दिवस उरले असताना मिरजेच्या दवाखान्याचं बोलावणं आलं. मुंबईचे हृदयाचे डॉक्टर महिन्यातून एकदा तिथं यायचे, त्यांनी तपासल्याशिवाय मुंबईची तारीख मिळत नव्हती. रवळूला रजा मिळेना. अक्काताई एकटीच मालूला घेऊन गाडीत बसली.

दोन दिवस तपासण्या चालल्या. शेजारच्या खाटेवर चार वर्षांचं पोरगं होतं, सत्याप्पा. त्याची आई तानीबाई निपाणीची, तंबाखूच्या वखारीत कामाला. बुद्धवाड्यात राहायची. दोघींच्या पोरांना एकच आजार, म्हणून दोघींचं जमलं. तानीबाईच्या लुगड्याला तंबाखूचा उग्र वास यायचा आणि ती त्याबद्दल सारखी माफी मागायची.

"वास येतोय न्हवं, आक्का? दोनदा धुतलंय बघा."

"येऊ दे गं. माझ्या लुगड्याला मेथीचा येतोय."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरनं आधी तानीबाईला आत बोलावलं. बाहेर आली ती डोळे पुसतच. भोक बुजवता येतं म्हणाले, वर्षाच्या आत करा म्हणाले. पण मुंबईला महिनाभर राहायचं, रक्त, औषधं, यंत्राचा खर्च... कानातलं आधीच गेलं होतं. "बरं हुतंय म्हनत्यात," ती म्हणत राहिली, "आनि मी बघत बसायचं."

मग अक्काताईची पाळी आली. डॉक्टर वयानं मोठे होते आणि मराठीत सावकाश बोलत होते. त्यांनी कागदावर काळीज काढून दाखवलं. भोकातून इतकी वर्षं रक्त फुप्फुसात जोरानं जात राहिलं, त्यामुळं फुप्फुसाच्या नसा जाड होऊन बसल्या आहेत. आता भोक बुजवलं तर पोर टेबलावरच जाईल.

"मग मुंबईला..."

"मुंबईला मीच आहे, बाई. कुठंही गेलात तरी हेच सांगतील."

"पैशाची सोय झालीय, सायेब. माझा भाऊ पळणार हाय."

डॉक्टरांना ते कळलं नाही. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "तीन-चार वर्षांपूर्वी यायला हवं होतं," असं म्हणाले आणि बहुतेक ते बोलायला नको होतं असं त्यांनाच वाटलं, कारण पुढं लगेच म्हणाले, "तुमची चूक नाही."

किती दिवस, ते तिनं विचारलं. दोन वर्षं, पाच वर्षं, सांगता येत नाही. धावपळ करू देऊ नका. सर्दी-खोकला झाला तर अंगावर काढू नका.

येताना गाडीत मालू खिडकीशी बसून स्टेशनांची नावं वाचत होती. अक्काताईच्या मनात राहून राहून ताकदीच्या बाटल्या येत होत्या. सगळ्या तिनं धुऊन ठेवल्या होत्या, रॉकेल भरायला.

"काय म्हणाला डॉक्टर?" रवळूनं दारातच विचारलं. नुकताच पळून आला होता, सदरा पाठीला चिकटला होता.

"कागद दिल्यात," ती म्हणाली. "मागनं कळवणार हाईत."

असं खोटं ती आयुष्यात बोलली नव्हती. बोलून गेल्यावर परत घेता येईना. रवळूनं मालूला खांद्यावर घेतलं आणि अंगणातून दोन फेऱ्या मारल्या. मालू वरून किलोमीटर मोजत होती.

चार दिवस तिनं ते पोटात ठेवलं. पाचव्या दिवशी शाळेत जाऊन गुंडू मास्तरांना सांगितलं. मास्तर खुर्चीत मागं टेकले.

"आत्ता सांगू नकोस त्याला," ते म्हणाले. "शर्यत होऊ दे. मग सांग."

"आणि पैशाचं?"

"मला काय सुचंना, आक्काताई. खरंच सुचंना."

तिला वाटलं होतं, मास्तर शिकलेले, काहीतरी वाट काढतील.

शर्यतीच्या तीन दिवस आधी ती आणि रवळू रानात कोथिंबीर उपटत होते. रवळू म्हणाला, "आक्का, मुंबईला तुज्याबरोबर मी येतो. मालकाला बोललोय, बिनपगारी रजा देतो म्हणालाय." आणि तिच्यानं राहवलं नाही. हातातल्या पेंड्या टाकून ती बांधावर बसली आणि सगळं सांगून टाकलं.

रवळू आधी ओरडला. तू एकटी का गेलीस, नीट विचारलंस का, दुसऱ्या डॉक्टरकडं जाऊ, वेल्लोरच्या मोठ्या दवाखान्यात जाऊ. मग कोथिंबिरीच्या मुळांची माती झाडत राहिला, झाडून झाली तरी झाडत राहिला.

"मग मी कशापायी पळू?" तो म्हणाला.

तिनं तानीबाईचं सांगितलं. तिच्या पोराचं भोक बुजतंय, पैशावाचून अडलंय. हे ती पहिल्यांदाच मोठ्यानं बोलत होती, आणि बोलताना तिच्या ध्यानात आलं की मिरजेपासून तिच्या मनात हेच घोळत होतं, फक्त त्याच्याकडं बघायची हिंमत नव्हती.

"माझ्या मालूचे पैसे दुसऱ्याला?"

"मालूला ते लागत न्हाईत रं, रवळू."

तो उठला आणि पाट ओलांडून निघून गेला. त्या दिवशी पळायला गेला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

अक्काताईनं तानीबाईच्या पोराचं मास्तरांनाही सांगितलं. त्यांनी त्या संध्याकाळी देवळात मंडळी बोलावली आणि खरं काय ते मांडलं. ज्याला पैसे परत हवेत त्यानं घ्यावेत, नाहीतर ते निपाणीच्या पोराला जातील. काही बायका डोळ्याला पदर लावून बसल्या. भावकू म्हणून एक म्हातारा शेतकरी होता, तो म्हणाला, "आमी आमच्या गावच्या पोरीसाठी दिलं. निपाणीला काय माणसं न्हाईत व्हय?" मागून कुणीतरी म्हणालं, "आणि कुणाचं पोर हाय ते बी बघा की."

अक्काताई कधी चारचौघांत बोलली नव्हती. ती उभी राहिली.

"कुणाचं म्हंजे तानीबाईचं हाय," ती म्हणाली. "माझ्या पोरीच्या शेजारच्या खाटंवर हुतं. माझ्या पोरीच्या नावानं दिलंसा न्हवं? मग मी सांगतोय, त्याला द्या. ज्याला न्यायचं त्यानं न्या, माझा राग न्हाय."

काहींनी नेले. भावकूनं नेले आणि वेशीपर्यंत जाऊन परत आणून ठेवले. पण एकूण तिसरा हिस्सा गेलाच.

रविवारी पहाटे रवळू पळेल की नाही हे कुणालाच ठाऊक नव्हतं. अक्काताईनं विचारलं नाही. तो उठला, आंबील प्याला, बूट बांधले. मालू त्याच्या मागून जाणाऱ्या भाजीच्या टेम्पोत बसायचा हट्ट धरून बसली होती. तिला शालीत गुंडाळून अक्काताई तिच्याजवळ बसली. मालूला यातलं काही माहीत नव्हतं. मामा आपल्यासाठी पळतोय, एवढंच.

बेळगाव मागं पडलं. उद्यमबागेच्या फाटकाशी रविवार असूनही दहा-बारा कामगार आले होते, त्यांनी टाळ्या वाजवल्या. देसूरपर्यंत रवळू चांगला पळत होता. मग ऊन चढलं. खानापूरच्या पुलावर पोचला आणि त्याचे पाय आखडले. कठड्याला धरून तो ओकला. मास्तर पाण्याचा तांब्या घेऊन धावले.

"आक्का," तो म्हणाला, "मला जमंना."

सगळे तिच्याकडं बघत होते. पळ म्हणावं तर कोणत्या तोंडानं? थांब म्हणावं तर चार महिने झिजलेला तो देह कशासाठी? तिनं नुसती त्याच्या पोटऱ्यांना तेल चोळायला सुरुवात केली. टेम्पोतून मालू ओरडली, "मामा, दहाच ऱ्हायलं!"

रवळूनं वर बघितलं. तिचे ओठ उन्हात आणखीच जांभळे दिसत होते. तो उठला. पळणं नव्हतंच ते. थोडं चालायचा, थोडं लंगडत पळायचा, परत चालायचा. वाटेत एकदा रस्त्याकडेला बसून ढसाढसा रडला. टेम्पो थांबवून सगळी माणसं दुसरीकडं बघत राहिली. नंदगडच्या बाजारात पोचायला त्याला सहा तासांच्या वर लागले. हार घेऊन आलेली माणसं कंटाळून जेवायला गेली होती. एका चहावाल्यानं बाकडं पुढं सरकवलं.

सत्याप्पाचं ऑपरेशन मे महिन्यात झालं. कमी पडलेलं निपाणीच्या वखारीतल्या बायकांनी आठवड्याच्या मजुरीतून भरलं. पावसाळ्यानंतर तानीबाई त्याला घेऊन कंग्राळीला आली. धुतलेलं लुगडं, हातात पेढ्यांचा पुडा. ती अक्काताईच्या पाया पडायला वाकली तेव्हा अक्काताईनं पाय मागं घेतले.

"असं करू नगंस. उठ."

पोरगं अंगणात कोंबडीमागं पळत होतं. गाल भरले होते, ओठ लाल. मालू उंबऱ्यावर बसून त्याला हसत होती. अक्काताईला वाटलं, आपल्याला आनंद व्हायला पाहिजे. तो होता कुठंतरी, पण त्याच्यावर काहीतरी जड येऊन पडत होतं. त्या पोराचं पळणं तिला बघवेना. चहाचं निमित्त करून ती आत गेली आणि चुलीपुढं बसून राहिली. रवळू कारखान्यातून आला, पोराच्या डोक्यावरून हात फिरवला आणि सायकल पुसायला गोठ्याकडं निघून गेला. नंदगडनंतर तो पळाला नव्हता.

थोड्या वेळानं मालू भिंत धरत धरत आत आली. पदराला धरून उभी राहिली, दम घेतला.

"आई, त्याचं भोक बुजवलं व्हय?"

"व्हय."

"मग आता माझी पाळी न्हवं?"

चहाला उकळी आली. अक्काताईनं आधण उतरवलं, फडक्यानं गाळायला लागली.

"व्हय की," ती म्हणाली. "जरा थोरली झालीस की."

"म्हंजे पुढल्या वर्साला?"

"व्हय. जा, तानीमावशीला म्हणावं, च्या घेऊन आलो."

मालू भिंत धरत बाहेर गेली. बाहेर ती सत्याप्पाला सांगत होती ते आत ऐकू आलं, "मी बी पुढल्या वर्साला पळणार हाय." अक्काताईनं कपबशा ताटलीत मांडल्या आणि तशीच बसून राहिली.