वाटीभर पाणी

"भावोजी, जाताना मला डबाभर हवंय हं," धाकटी बहीण गाजराचा तुकडा वाडग्यात बुडवत म्हणाली. "ताई एवढी वर्षं खाऊ घालतेय, पण असं दही नाही बाई खाल्लं कधी."

ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. चौतीस वर्षं तिनं रांधलं, वाढलं, या बहिणीची दोन बाळंतपणं काढली, पण कुणी कधी डबा मागितला नव्हता. आणि हे तिचे यजमान, घड्याळजी! चहाची पूड कुठल्या डब्यात असते हे ज्यांना परवापर्यंत ठाऊक नव्हतं, ते घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद करून घरी बसले काय आणि दोन महिन्यांत स्वयंपाकघराचे मालक झाले काय.

एवढं करायचे तरी काय? दही पातळ फडक्यात बांधायचं, नळाला टांगायचं, खाली पातेलं ठेवायचं आणि समोर स्टुलावर बसून राहायचं. सकाळभर पाणी गळायचं. मग त्या घट्ट गोळ्यात लसूण, मीठ आणि किसून पिळलेली काकडी. गळायचं काम दही करतं, कौतुक ह्यांचं, असं ती भांडी घासताना मनाशी म्हणे. दर रविवारी बायका त्यांच्याभोवती आणि भांडी हिच्याभोवती.

पुढच्या रविवारी तयार वाडगा फ्रिजमध्ये ठेवून ते आंघोळीला गेले. तिनं पातेल्यातलं गळलेलं पाणी वाटीभर घेतलं, दह्यात ओतलं आणि चांगलं ढवळलं. ढवळताना तिला बरं वाटलं, खोटं कशाला बोला.

बहीण आली, शेजारीण आली. गाजर वाडग्यातून वर आलं ते ठिबकतच.

"आज जरा सैल झालंय का?" शेजारणीनं विचारलं.

"चव आहे पण," बहीण म्हणाली. आजाऱ्याला तोंडावर बरा दिसतोस म्हणतात, त्या आवाजात.

घड्याळजींनी वाडगा जवळ ओढला. चमचा बुडवून वर उचलला. हात थरथरत होता. या थरथरीपायीच दुकान गेलं होतं. बारीक स्क्रू चिमट्यात धरवेना. दह्याचं मात्र थरथरीमुळे काही अडत नव्हतं.

"फडक्याची गाठ सैल बसली असणार," ते हळूच म्हणाले. "आता एवढंही जमेनासं झालं. अगं, पुढच्या वेळेपासून तूच करत जा."

"तेच बरं," बहीण म्हणाली. "ताईचा हात बसलेलाच आहे."

हवं होतं ते सगळं पदरात पडलं होतं. तिनं हातातलं गाजर खाली ठेवलं.

"मी पाणी घातलंय त्यात," ती म्हणाली. "तुम्ही आंघोळीला गेलात तेव्हा. वाटीभर."

"काय बोलतेस ताई? कशाला?"

"जळले मी. ह्यांचं कौतुक बघवेना मला."

शेजारणीच्या हातातलं गाजर हातातच राहिलं. घड्याळजी बायकोकडे न बघता वाडग्याकडेच बघत होते.

"म्हणजे गाठ बरोबर बसली होती?"

"घट्ट बसली होती."

त्यांनी मान हलवली. मग खुर्ची पुढे ओढली आणि ते पातळ दही चमच्यानं खायला लागले. थेंब सदऱ्यावर सांडत होते, ते त्यांनी पुसलेही नाहीत.